ऑलिम्पिकला पाठवायला प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, पण पदक आणल्यावर खाशाबांना सांभाळायचं कुणी?

पुणे-बंगळूर हायवेनं कोल्हापूरकडं निघालात की कराडला लागून मलकापूर येतं. हॉस्पिटल, कॉलेजं, हायवेकडेची दुकानं बघत गाडी पुढं निघून जाते. फार कमी लोक इथं थांबतात. पण याच मलकापूर-कराडच्या शेजारी गोळेश्वर नावाचं गाव आहे, आणि स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक या गावच्या पोरानं मिळवून दिलंय.

खाशाबा दादासाहेब जाधव. साल १९५२, ठिकाण हेलसिंकी, पदक कांस्य.

एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. शाळेच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असतं, स्पर्धा परीक्षेत विचारलं जातं. पण गोळेश्वरच्या आखाड्यातलं पोरगं फिनलंडपर्यंत पोहोचलं कसं, त्याला कुणी हेरलं, कुणी घडवलं, पैसे कुणी घातले आणि पदक आणल्यानंतर त्याचं काय झालं, हे सगळं एकत्र वाचलं की आपल्याकडं खेळाडू कसे तयार होतात आणि कसे हातातून निसटतात याचा पूर्ण हिशोब समोर येतो.

आधी जरा हॉकीचं बघू

अमेरिका आणि कॅनडात बर्फावरची हॉकी खेळली जाते. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमधल्या टीम दरवर्षी १८ वर्षांच्या आसपासची पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. गंमत अशी की निवडलेल्या बहुतेक पोरांना लगेच मोठ्या टीममध्ये खेळवत नाहीत. त्यांना आधी खालच्या लीगमध्ये ठेवतात. तिथं कोच असतो, डॉक्टर असतो, खाण्यापिण्याचं गणित बघणारा माणूस असतो. निवडलेल्या पोरावर काही वर्षं त्या टीमचा हक्क राहतो आणि पहिला करार साधारण ३ वर्षांचा असतो.

म्हणजे काम दोन आहेत. एक, पोरगं हेरून घडवायचं. दोन, घडलेलं पोरगं सांभाळायचं. पहिलं केलं आणि दुसरं सोडलं तर घातलेली सगळी मेहनत दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडल्यासारखी वाया जाते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पैसेवाल्या देशांचं काम. पण पश्चिम महाराष्ट्रात यातलं पहिलं काम करणारी पक्की साखळी फार आधीपासून होती. तिचं नाव तालीम.

रेवडीपासून सुरू होणारी शिडी

कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावागावात तालीम असायची. लाल माती चाळून त्यात हळद, तेल, ताक मिसळून आखाडा तयार करायचा. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, मग लढत करायची. दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक. वर वस्तादाची नजर. कुठल्या पोराच्या मानेत ताकद आहे, कुणाचा पाय चपळ आहे, कुणाला कुठला डाव बसेल, हे वस्ताद बरोबर ओळखायचा.

मग गावची जत्रा आली की कुस्त्यांचा फड. सुरुवातीला बारक्या पोरांच्या कुस्त्या लागतात, बक्षीस म्हणून रेवड्या. तिथं चमकलेलं पोरगं पुढच्या वर्षी नारळावर लढतं, मग पैशाच्या इनामावर. आसपासच्या गावांचे वस्ताद फडाला बसलेले असतात, ते नाव लक्षात ठेवतात. पोरगं अजून तयार झालं की त्याला कोल्हापूरला धाडायचं. तिथं गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा मोठ्या तालमी.

या सगळ्याच्या टोकाला होता कोल्हापूरचा दरबार. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, लांबलांबून पैलवान आणवले आणि १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पोरगं रेवडीवर लढायला लागलं की त्याच्यासमोर एक शिडी दिसायची आणि तिची शेवटची पायरी खासबागात असायची.

खाशाबा याच शिडीवर चढले.

गोळेश्वरचा अंगानं बारीक पोरगा

१५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वरात त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. ५ भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळं तालमीत जायला वेगळं कुणी सांगायची गरज नव्हती. मातीतली पहिली शिकवणी वडिलांकडूनच झाली.

शाळा कराडची टिळक हायस्कूल. तो काळ १९४२ च्या चळवळीचा. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार चाललं होतं आणि शाळकरी वयातले खाशाबा सुद्धा भूमिगत कार्यकर्त्यांना मदत करत होते.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना कुस्तीचे धडे दिले. खाशाबांची उंची कमी, अंग बारीक. बघणाऱ्याला हा पैलवान आहे असं वाटायचंच नाही. त्यामुळं झालं असं की कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत क्रीडा शिक्षकांनी त्यांचं नाव घ्यायलाच नकार दिला.

खाशाबा थेट प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी पोराला लढू द्यायला सांगितलं. खाशाबा आखाड्यात उतरले आणि त्यांच्याहून दांडग्या मल्लांना चीतपट करून आले.

त्या दिवशी खर्डेकरांनी अंगकाठी बघून निर्णय घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. आजच्या भाषेत सांगायचं तर टॅलेंट हेरणारा पहिला माणूस हा प्राचार्य होता, आणि हा माणूस या गोष्टीत परत येणार आहे.

लंडन १९४८ : माती सुटली, मॅट आली

१९४८ ला लंडनला ऑलिम्पिक होतं. खाशाबांची निवड झाली आणि खर्चाचा प्रश्न आला. तेव्हा कोल्हापूर संस्थान अजून होतं. छत्रपती शहाजी महाराजांनी खर्च उचलला. शिडीची शेवटची पायरी जागेवर होती, त्यामुळं पोरगं लंडनला पोहोचलं.

पण तिथं गेल्यावर वेगळाच पेच पडला. आयुष्य मातीत गेलेलं आणि इथं कुस्ती मॅटवर. मातीत पाय रुततो, जोर लावायला आधार मिळतो. मॅटवर तोच पाय वेगळा पडतो. शिवाय नियम आंतरराष्ट्रीय. आपल्याकडं पाठ लागली की कुस्ती संपली, तिथं गुणांचा हिशोब चालायचा.

लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर या माजी अमेरिकन कुस्तीगीराचं मार्गदर्शन मिळालं. नवी पद्धत खाशाबांनी भराभर उचलली. फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत पाडलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते हरले. शेवटी सहावा क्रमांक आला.

मॅटवर नवख्या असलेल्या माणसाचा जगात सहावा नंबर. कुठल्याही टीमच्या मॅनेजरनं हा निकाल बघितला असता तर पुढच्या ४ वर्षांचा आराखडा दुसऱ्या दिवशी कागदावर आला असता. मॅट कुठं मिळेल, परदेशी सराव कसा होईल, खर्च कोण करेल, सगळं.

खाशाबांनी तो आराखडा स्वतःच केला. परत येऊन सरावाचे तास वाढवले, वजन वाढवलं, वरच्या ५७ किलो गटाची तयारी धरली. समोरच्याचं डोकं पकडून ढाकेवर घेऊन आपटायचं ही त्यांची खासियत होती, ती अजून धारदार केली.

मधल्या ४ वर्षांत दरबारच संपला

आता या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची तारीख येते, आणि तिचा कुस्तीशी थेट काही संबंध नाही.

१ मार्च १९४९. या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

देशासाठी हे होणं गरजेचं होतं. पण पैलवानांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचा आश्रयदाता गेला. खुराकाचे पैसे देणारा, दौऱ्याचा खर्च करणारा, म्हातारपणी पैलवानाकडं बघणारा दरबार राहिला नाही. त्याच्या जागी नवं सरकार आलं, पण या नव्या सरकारकडं खेळाडू सांभाळायची कुठली घडी अजून बसलेली नव्हती.

म्हणून १९४८ ला जो खर्च दरबारातून भागला, तो १९५२ ला कुठून आणायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याआधी निवडीतच अडचण आली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला असा खाशाबांचा आक्षेप होता. त्यांनी गप्प बसायचं नाही असं ठरवलं आणि थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराज यादवेंद्र सिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी पुन्हा चाचणी लावली. समोर निरंजन दास होते. खाशाबांनी त्यांना चीत केलं आणि हेलसिंकीचं तिकीट पक्कं झालं.

तिकीट म्हणजे नाव पक्कं झालं, पैसे नाहीत.

मग वर्गणी सुरू झाली. गोळेश्वरच्या लोकांनी, कराडच्या दुकानदारांनी जमेल तसं दिलं. तरी रक्कम पुरेना. तेव्हा परत आले प्राचार्य खर्डेकर. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि ७००० रुपये उभे केले. त्या काळात ७००० म्हणजे नोकरदार माणसाची कित्येक वर्षांची कमाई.

एका शिक्षकाचं मन किती मोठं असतं याची ही गोष्ट आहेच. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर जगातल्या पहिल्या सहांत आलेल्या खेळाडूला ऑलिम्पिकला पाठवायला एका माणसाचं घर गहाण पडावं लागलं, कारण दुसरी व्यवस्थाच नव्हती.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडाच्या आद्रियाँ पोलिकँला पाडलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला हरवलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर मागं टाकलं.

मग समोर आला जपानचा शोहाची इशी. कुस्ती लांबली, दमवणारी झाली आणि खाशाबा गुणांवर हरले. इशीनं पुढं या गटाचं सुवर्णपदक घेतलं, त्यावरनं समोरचा किती तयारीचा होता हे समजतं.

या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत युनियनच्या रशीद ममादबेयोवशी लढायला बोलावण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण खाशाबांची बाजू मांडायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता असं सांगितलं जातं. थकलेल्या अंगानं ते उतरले आणि हरले. ममादबेयोवला रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य.

त्याच स्पर्धेत महाराष्ट्राचेच मल्ल केशव माणगावे वरच्या वजनगटात लढले आणि त्यांचं पदक अगदी थोडक्यात हुकलं. म्हणजे लाल मातीतून आलेला खाशाबा हा काही एकटाच चमत्कार नव्हता. माती जगाच्या तोडीचे मल्ल देत होती, कमी होती ती पुढच्या व्यवस्थेची.

हेलसिंकीत भारताला एकूण दोनच पदकं मिळाली. एक खाशाबांचं, दुसरं हॉकीचं सुवर्ण. हॉकीच्या फायनलला भारतानं नेदरलँड्सला ६-१ नं हरवलं, त्यातले ५ गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. हॉकीकडं १९२५ पासूनची संघटना होती, १९२८ पासूनच्या सुवर्णपदकांची परंपरा होती. खेळाडू सैन्यात, पोलिसात नोकरीला असायचे. ध्यानचंद लष्करात होते, बलबीर सिंग पंजाब पोलिसात. सराव, प्रवास, पगार यांची काही ना काही सोय लागलेली असायची.

कुस्तीत खाशाबांच्या मागं एक गाव होतं आणि एका प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर होतं.

मिरवणूक झाली, पुढं काय?

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनवर गर्दी उसळली. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, लेझीम, गुलाल. स्टेशनपासून गोळेश्वरला पोहोचायला एरवी पाऊण तास सुद्धा लागत नाही, त्या दिवशी कित्येक तास लागले.

गुलाल धुतल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं असेल? कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले. स्वतः लढले, जिंकले आणि इनामाच्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

ऑलिम्पिक पदकविजेता पुढच्या ऑलिम्पिकची तयारी करायची सोडून कर्ज फेडायला कुस्त्या मारत होता. वय २६. पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं.

१९५५ ला त्यांना मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली. पदकानंतर ३ वर्षांनी. पोलीस दलाच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पोरांना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी पण धरली होती, पण गुडघ्याची दुखापत आडवी आली आणि ऑलिम्पिकचा रस्ता तिथंच बंद झाला.

इथं हॉकीच्या त्या टीम आठवा. तिथं खेळाडूचा गुडघा गेला की डॉक्टर, शस्त्रक्रिया, परत उभं करायचा कार्यक्रम सगळं टीमच्या खर्चानं होतं, कारण त्याच्यावर पैसे घातलेले असतात. खाशाबांवर पैसे घातले होते गावकऱ्यांनी आणि प्राचार्यांनी. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी आधीच दिलं होतं.

पोलिसात त्यांनी २७ वर्षं काढली. बढतीसाठी वाट बघत बघत शेवटी सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला, तेवढाच काय तो मोठा सरकारी कार्यक्रम.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात खाशाबा गेले. हयातीत ना अर्जुन पुरस्कार, ना पद्म.

महाराष्ट्र सरकारचा छत्रपती पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, म्हणजे मृत्यूनंतर १६ वर्षांनी. २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला त्यांच्या नावानं कुस्ती संकुल उभारायचं जाहीर झालं, पण ते इतकं रखडलं की २०१७ मध्ये कुटुंबानं निधीसाठी पदकाचा लिलाव करायची भाषा केली होती.

यातनं शिकलो का?

खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. १९९६ ला अटलांटात लिएंडर पेसनं ते आणलं. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ ला सुशील कुमारनं, म्हणजे ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं थेट २०२४ ला. ७२ वर्षांनी.

ते आणलं स्वप्नील कुसाळेनं, पॅरिसमध्ये, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी, जिल्हा कोल्हापूर. पदक कांस्यच.

पण दोघांचा रस्ता बघा. स्वप्नील २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. ही योजना शाळकरी पोरांच्या चाचण्या घेऊन त्यांना निवडते, राहणं, खाणं, शिक्षण आणि सराव यांची सोय करते. पुढं २०१५ ला त्याला मध्य रेल्वेत टीसीची नोकरी लागली. घर चालायची काळजी मिटली आणि नेमबाजीसारख्या खर्चिक खेळात तो पुढची ९ वर्षं टिकून राहिला, तेव्हा कुठं पॅरिस आलं.

कुस्तीतही थोडं बदललंय. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी, तसंच नरसिंग यादव आणि राहुल आवारे यांना राज्य पोलिसात डीवायएसपी म्हणून घेतलं गेलं. ऑलिम्पिक पदक घेऊन सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झालेल्या खाशाबांच्या काळाशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो.

तरी गावोगावच्या तालमीत आजही खुराकाचा खर्च घरचे लोकच करतात. शेतकऱ्याचं पोरगं विशीत आलं, गुडघा दुखावला, घरचे पैसे संपले की लंगोट खुंटीला लागतो. पोरगं हेरायला वस्ताद आहे, लढायला फड आहे, पण दुखापतीचं बिल कोण भरणार याचं उत्तर अजूनही बहुतेक ठिकाणी वडिलांच्या जमिनीपाशी किंवा एखाद्या दानशूर माणसापाशी येऊन थांबतं.

खाशाबांचा वाढदिवस १५ जानेवारी हा आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांत त्यांच्या फोटोला हार घातला जातो. त्याच दिवशी प्रत्येक तालुक्यात दुखापत झालेल्या पोरांची नुसती यादी केली आणि त्यांच्या उपचाराची सोय लावली, तरी पुढच्या खाशाबासाठी कुठल्या प्राचार्यांना घर गहाण टाकायची वेळ येणार नाही.